पिक्चर-इन-पिक्चर वापरून हलता मेनू कसा बनवायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मेनू म्हणजे डीव्हीडीवर असतो तसा, प्रेक्षकाला निवड करता यावी म्हणून बनवलेला पडदा. त्यावर सहा छोट्या खिडक्यांत सहा प्रकरणांची दृश्यं चालू असतील तर तो जिवंत वाटतो, पण त्याच खिडक्या नीट बसवल्या नाहीत तर कुठे बघायचं हेच कळत नाही. नवीन माणूस बहुतेक वेळा सुरुवात हालचालीपासून करतो: खिडकी डावीकडून उडत येईल, गिरकी घेईल, मग जागेवर बसेल. माझं ठाम मत आहे की क्रम उलटा हवा. सगळं स्थिर झाल्यावर मेनू कसा दिसणार ते आधी पक्कं करा आणि हालचाल शेवटी द्या. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

उदाहरण म्हणून मातीच्या भांड्यांवरचा एक माहितीपट घेऊ. त्यात सहा प्रकरणं आहेत: माती, मळणी, चाक, वाळवण, झिलई, भट्टी. प्रत्येकाची एक खिडकी, खाली नाव, वर माहितीपटाचं शीर्षक. हे सगळं दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो, केडेनलाइव्ह, शॉटकट यांपैकी कशातही करता येतं. बटणांची नावं थोडी वेगळी असतात, काम तेच. एका व्हिडिओवर दुसरा व्हिडिओ लहान करून ठेवणं म्हणजे पिक्चर-इन-पिक्चर, पुढे त्याला नुसतं पिप म्हणतो.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक आडवा चौकोन काढा आणि त्यात खिडक्यांच्या जागा आखा. आपली टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप रचायची पट्टी, १९२० × १०८० पिक्सेलची, २५ फ्रेम प्रति सेकंद आहे असं धरू. चारही कडांना ५ टक्के जागा मोकळी सोडायची, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. काही टीव्ही चित्राच्या कडा कापून दाखवतात. तिथे गेलेलं अक्षर किंवा खिडकीची चौकट दिसेलच याची खात्री नसते.

खिडकी मूळ चित्राच्या २५ टक्के ठेवली की तिचा आकार ४८० × २७० होतो. एका ओळीत तीन खिडक्या आणि मध्ये ७२ पिक्सेलची फट धरली तर एकूण रुंदी १५८४. उरलेले ३३६ पिक्सेल दोन्ही बाजूंना वाटले की प्रत्येकी १६८. म्हणजे खिडक्यांच्या डाव्या कडा येतात १६८, ७२० आणि १२७२ वर. उभ्या दिशेने पहिली ओळ २५० वर सुरू करा, दुसरी ६४० वर. दोन ओळींच्या मध्ये १२० पिक्सेल उरतात, त्यात पहिल्या ओळीची नावं बसतात. वरचे जवळपास २०० पिक्सेल शीर्षकाला मिळतात.

हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरताना एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. शून्य कुठे आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये खिडकीचा वरचा डावा कोपरा मोजतात, म्हणून पहिल्या खिडकीसाठी १६८ आणि २५० असेच आकडे टाकायचे. प्रीमिअरमध्ये खिडकीचा मध्य मोजला जातो, पण मोजणी पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते, म्हणून तिथे ४०८ आणि ३८५. रिझॉल्व्हमध्ये शून्य पडद्याच्या मधोमध असतं आणि वर जाणारा आकडा धन असतो, म्हणून तीच खिडकी उणे ५५२ आणि १५५ वर येते. दुसऱ्या ओळीसाठी तिथे उभा आकडा उणे २३५. माउसने ओढून अंदाजाने खिडक्या लावू नका. दोन-तीन पिक्सेलचा फरक स्थिर चित्रात डोळ्याला खटकतोच.

दृश्य निवडताना

माझ्या मते मेनूचा अर्धा दर्जा याच टप्प्यावर ठरतो. ४८० पिक्सेलच्या खिडकीत लांबून घेतलेलं दृश्य काहीच सांगत नाही. भांडी बनवण्याच्या कार्यशाळेचं सुंदर रुंद दृश्य या आकारात नुसतं तपकिरी दिसतं. त्याऐवजी चाकावर फिरणारा मातीचा गोळा आणि त्यावर दाबलेले दोन अंगठे घ्या. अंगठ्यांखालून पाणी मिसळलेली माती बाहेर येते, कडा हळूहळू उभी राहते. हे खिडकी कितीही लहान असली तरी कळतं. भट्टीसाठी भट्टीचं तोंड आणि आतली लाल धग, झिलईसाठी भांड्यावरून ओघळणारा द्रव. प्रत्येक खिडकीत एकच वस्तू आणि एकच क्रिया असावी.

कॅमेरा हातात धरून घेतलेली, थरथरणारी दृश्यं टाळा. एकटी खिडकी असताना ती थरथर चालून जाते, सहा एकदम हलू लागल्या की डोळे थकतात. कॅमेरा स्थिर आणि आतली वस्तू हलती, हे सर्वांत चांगलं. दृश्यात जास्तीची जागा असेल तर आधी क्रॉप करून विषय जवळ आणा, मग लहान करा. क्रॉप करताना १६:९ हे प्रमाण कायम ठेवा, नाहीतर एक खिडकी अरुंद आणि दुसरी रुंद होते.

प्रत्येक क्लिप २१ सेकंदांची कापा. हाच आकडा का, ते लूपच्या, म्हणजे तोच व्हिडिओ पुन:पुन्हा फिरवण्याच्या, भागात येईल. क्लिप ३० फ्रेमने चित्रित केलेली आणि टाइमलाइन २५ ची असेल तर हालचाल अडखळत दिसू शकते, म्हणून शक्यतो एकाच फ्रेमरेटची दृश्यं निवडा. आणि खिडक्यांचा आवाज आत्ताच बंद करा. सहा क्लिपचे आवाज एकमेकांत मिसळले की नुसता कलकलाट होतो.

थर लावणे

टाइमलाइनवर वरचा ट्रॅक खालच्याला झाकतो. सर्वांत खाली बॅकग्राउंड, त्यावर सहा ट्रॅकवर सहा खिडक्या, सर्वांत वर शीर्षक.

बॅकग्राउंड शांत हवं. ओल्या मातीचा जवळून घेतलेला पोत, थोडा अंधारा आणि थोडा धूसर केलेला, पुरेसा आहे. बॅकग्राउंडचा उजेड खिडक्यांपेक्षा स्पष्टपणे कमी ठेवा, म्हणजे खिडक्या आपोआप पुढे येतात.

पहिली क्लिप तिच्या ट्रॅकवर ठेवा, स्केल २५ टक्के करा, वरचे आकडे भरा. इथे प्रीमिअर वापरणाऱ्यांनी लक्ष द्यायचं आहे. क्लिप ४के, म्हणजे ३८४० पिक्सेल रुंद असेल आणि ती मूळ आकारातच टाइमलाइनवर आली असेल, तर २५ टक्क्यांनी खिडकी दुप्पट मोठी दिसेल. तिथे १२.५ द्या. रिझॉल्व्ह सर्वसाधारण सेटिंगमध्ये क्लिप आधी टाइमलाइनच्या मापात बसवतो, त्यामुळे तिथे ०.२५ पुरतं.

खिडकीला ४ ते ६ पिक्सेलची फिकट चौकट द्या. एक पिक्सेलची आडवी रेघ संगणकावर नाजूक आणि छान दिसते, पण डीव्हीडीच्या इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी दाखवणाऱ्या, चित्रात ती लुकलुकते. सावली दिली तर मंद आणि सगळ्या खिडक्यांना एकाच दिशेने.

नावं ५० पिक्सेलपेक्षा लहान नकोत. हा मेनू पुढे डीव्हीडीसाठी ५७६ ओळींवर येणार असेल तर उंची जवळपास निम्मी होते, हे विसरू नका. देवनागरी अक्षरांत मात्रा, रफार आणि अनुस्वार हे बारीक भाग आधी पुसट होतात, म्हणून जाड वळणाचा फॉन्ट घ्या. काही सॉफ्टवेअरच्या टायटल टूलमध्ये जोडाक्षरं फुटतात किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. सेटिंग बदलूनही ते सुधारलं नाही तर चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं लिहा, पारदर्शक पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि ती फाइल टाइमलाइनवर आणा.

जागा वेगळी, हालचाल वेगळी

सहा खिडक्यांना एकसारखी हालचाल द्यायची तर एकीला कीफ्रेम (हालचालीच्या नोंदी, पुढच्या भागात पाहू) देऊन त्या बाकी पाचांवर पेस्ट कराव्यात असं वाटतं. पण पेस्ट केलं की पोझिशनचे आकडेही सोबत जातात आणि सहाही खिडक्या पहिलीच्याच जागेवर एकावर एक चढतात.

यावरचा उपाय सोपा आहे. प्रत्येक खिडकी, तिची चौकट आणि तिचं नाव हे तिघं निवडून त्यांची एक कंपाउंड क्लिप, म्हणजे तिघांची मिळून एकच क्लिप, करा. प्रीमिअरमध्ये यालाच नेस्ट म्हणतात. आता खिडकीची जागा कंपाउंडच्या आत बंद झाली. बाहेरून ती क्लिप पूर्ण पडद्याएवढी आणि पारदर्शक आहे, तिची पोझिशन मूळचीच आहे. तिला बाहेरून जी हालचाल द्याल ती बाकी पाचांवर बिनधास्त पेस्ट करा, आतल्या जागा जिथल्या तिथे राहतात. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये हेच काम एकाच क्लिपवर दोन फिल्टर लावून होतं: पहिला जागेसाठी, दुसरा हालचालीसाठी.

कीफ्रेम

कीफ्रेम म्हणजे अमुक क्षणी अमुक आकडा, अशी नोंद. दोन नोंदींमधलं सगळं सॉफ्टवेअर भरून काढतं. आपण खिडकीला थोडं खालून वर आणू आणि त्याच वेळी उमटवू.

शेवटची नोंद आधी करा. प्लेहेड (टाइमलाइनवर आपण कुठे आहोत ते दाखवणारी उभी रेघ) २०व्या फ्रेमवर न्या. खिडकी तिच्या अंतिम जागी आहेच, तिथे पोझिशन (जागा) आणि ओपॅसिटी (चित्र किती ठळक दिसतं ते) दोन्हींची कीफ्रेम लावा, ओपॅसिटी १००. मग प्लेहेड १५ फ्रेम मागे, म्हणजे ५व्या फ्रेमवर आणा. खिडकी ६० पिक्सेल खाली सरकवा आणि ओपॅसिटी ० करा. कीफ्रेम चालू असल्यामुळे ही नोंद बहुतेक ठिकाणी आपोआप होते. शेवटापासून सुरुवातीकडे आल्याचा फायदा असा की खिडकी थांबते ती बरोबर आखलेल्या जागेवरच.

आता चालवून पाहिलं तर हालचाल यांत्रिक वाटेल, कारण वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे आणि खिडकी झटक्यात थांबते. शेवटच्या कीफ्रेमवर राइट क्लिक करून इंटरपोलेशन लिनिअरऐवजी ईझ इन करा, किंवा जिथे स्मूद असं नाव असेल तिथे ते निवडा. खिडकी वेगाने निघून हळूहळू स्थिरावली पाहिजे. प्रीमिअरमध्ये जागेचा आणि वेळेचा इंटरपोलेशन असे दोन वेगळे पर्याय दिसतात, आपल्याला वेळेचा हवा आहे. नावांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा, कारण ईझ इन आणि ईझ आउट यांचा अर्थ सगळीकडे एकसारखा नसतो.

पहिली खिडकी मनासारखी झाली की तिचे गुणधर्म बाकीच्यांवर पेस्ट करा आणि प्रत्येक पुढची क्लिप टाइमलाइनवर ४ फ्रेम उशिरा ठेवा. शेवटची खिडकी पहिलीनंतर २० फ्रेमने निघते, तिची हालचाल १५ फ्रेमची, म्हणजे सगळं ३५ फ्रेममध्ये, १.४ सेकंदांत आटोपतं. एवढंच पुरे आहे. मेनू पुन:पुन्हा उघडला जातो. पहिल्यांदा मजेदार वाटलेला पाच सेकंदांचा प्रवेश चौथ्या वेळी नकोसा होतो. गिरक्या, उड्या, पान उलटल्यासारखे परिणाम मी वापरत नाही, कारण त्या वेळात खिडकीतलं दृश्य दिसतच नाही, आणि प्रेक्षक ते बघायला आलेला असतो.

न दिसणारा सांधा

मेनू लूपमध्ये चालतो. शेवटच्या फ्रेमनंतर पहिली फ्रेम येते आणि त्या क्षणी सहाही खिडक्या एकदम उडी मारतात. प्रवेशाची हालचालही दर वेळी पुन्हा दिसते. म्हणून प्रवेश आणि लूप हे दोन वेगळे तुकडे करा: प्रवेश २ सेकंदांचा, लूप २० सेकंदांचा.

लूपसाठी खिडकीतली २१ सेकंदांची क्लिप १०व्या सेकंदाला कापा. मागचा ११ सेकंदांचा तुकडा पुढे आणा आणि पुढचा १० सेकंदांचा तुकडा त्याच्यामागे लावा, मात्र दोन्ही तुकडे एक सेकंद एकमेकांवर चढवून तिथे क्रॉस डिझॉल्व्ह द्या, म्हणजे एक दृश्य विरत असताना दुसरं उमटतं. लांबी झाली २० सेकंद. आता नव्या क्लिपची शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम मूळ चित्रीकरणात एकमेकींना लागूनच होत्या, त्यामुळे लूप फिरला तरी सांधा दिसत नाही. मूळ सुरुवात आणि शेवट यांच्यातला फरक मधल्या डिझॉल्व्हमध्ये विरघळून जातो. सहा खिडक्यांचे डिझॉल्व्ह एकाच क्षणी येऊ नयेत म्हणून प्रत्येकीचं कापण्याचं ठिकाण थोडं पुढेमागे ठेवा. बॅकग्राउंडलाही हीच पद्धत.

प्रवेशाच्या तुकड्यात, १०व्या सेकंदाला कापलेल्या क्लिपचा ८ ते १० सेकंदांचा भाग वापरा. म्हणजे प्रवेश संपतो तिथूनच लूप सुरू होतो. बाकी खिडक्यांसाठी त्यांच्या कापण्याच्या ठिकाणाआधीचे दोन सेकंद.

संगीताला ही युक्ती सहसा लागू पडत नाही. डीव्हीडी प्लेअर लूपच्या सांध्यावर क्षणभर थबकतो, म्हणून संगीत शेवटच्या दीड-दोन सेकंदांत हळू करत शून्यावर आणा आणि सुरुवातीला पुन्हा हळूच वर न्या.

खिडकी पूर्ण पडदा होते तेव्हा

निवडलेली खिडकी मोठी होत पडदा व्यापते आणि प्रकरण सुरू होतं, हा परिणाम मला फार आवडतो. त्यासाठी प्रत्येक प्रकरणाचा साधारण २० फ्रेमचा वेगळा तुकडा लागतो. स्केल २५ वरून १०० आणि पोझिशन तिच्या जागेवरून मध्यावर. दोन्हींच्या कीफ्रेम एकाच फ्रेमवर सुरू आणि एकाच फ्रेमवर संपवा आणि इंटरपोलेशनही एकच ठेवा, नाहीतर खिडकी वाकड्या वाटेने मोठी होते. ती क्लिप सर्वांत वरच्या ट्रॅकवर हवी.

इथे कंपाउंड क्लिप वापरू नका. आत एकदा २५ टक्के केलेलं चित्र बाहेरून चौपट केलं की ते धूसर होऊ शकतं. मूळ क्लिपच वापरा, आणि दृश्य म्हणून त्या प्रकरणाची पहिली फ्रेम स्थिर करून घ्या, म्हणजे तुकडा संपून प्रकरण सुरू होताना चित्र बदलत नाही.

संगणक अडखळत असेल तर

सहा-सात व्हिडिओ एकदम चालवणं जड काम आहे. प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवा, किंवा खिडक्यांच्या जागा पक्क्या झाल्यावर प्रत्येक लूप ४८० × २७० मध्ये वेगळा रेंडर करून तीच फाइल वापरा, त्या वेळी स्केल १०० ठेवायला विसरू नका. हालचालीचा वेग ठरवताना प्रीव्ह्यू अडखळत असेल तर आधी तो भाग रेंडर करून पाहा. अडखळत्या प्रीव्ह्यूवर घेतलेले वेळेचे निर्णय नंतर बदलावेच लागतात.

बटणं आणि बाहेर काढणं

व्हिडिओ एडिटर फक्त चित्र देतो. निवडीची बटणं ऑथरिंगच्या, म्हणजे डिस्कची रचना करणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये बसतात. मोफत हवं असेल तर डीव्हीडीस्टायलर आहे. अडोबीचं एन्कोर हे ऑथरिंगचं सॉफ्टवेअर सीएस६ नंतर पुढे आलं नाही, त्यामुळे जुने धडे वाचताना ते सापडत नाही म्हणून गोंधळू नका.

डीव्हीडीसाठी एक्सपोर्ट एमपेग-२ मध्ये, पाल या टीव्ही पद्धतीत ७२० × ५७६ आणि २५ फ्रेम, एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीत ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम. रुंद पडद्याचं १६:९ हे चिन्ह लावायला विसरलात तर सगळं चित्र उभं ताणलेलं दिसतं. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट चालतो, मेनूला ८ पर्यंत पुरतो. २० सेकंदांचा लूप त्या हिशोबाने २० मेगाबाइटच्या आसपास होतो आणि ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर ही जागा नगण्य आहे, म्हणून मेनूच्या दर्जात काटकसर करू नका.

निवडलेल्या बटणाभोवतीची खूण व्हिडिओचा भाग नसते, प्लेअर ती वरून काढतो. त्या थरात एका वेळी चारच रंग असतात, त्यातला एक पारदर्शक ठेवावा लागतो. त्यामुळे गोलसर कडा आणि मंद चकाकी दातेरी दिसतात. खिडकीच्या चौकटीवर बसणारी सरळ, जाड रेघ किंवा नावाखालची अधोरेखा उत्तम. आणि खूण स्थिर असते, खिडकीसोबत सरकत नाही. प्रवेशाचा तुकडा वेगळा ठेवण्याचं हे दुसरं कारण: बटणं फक्त लूपवर बसवा. बटणांचे चौकोन एकमेकांवर चढू देऊ नका.

यूट्यूबच्या शेवटच्या पडद्यासाठी हीच मांडणी वापरायची असेल तर तिथे ५ ते २० सेकंद मिळतात आणि १६:९ व्हिडिओत जास्तीत जास्त चार घटक बसतात. व्हिडिओचा घटक स्वतःचं लघुचित्र तुमच्या खिडकीवर टाकतो, म्हणून तिथे चालता पिप न ठेवता नुसती रिकामी चौकट हलवत आणून थांबवा.

डिस्क लिहिण्याआधी आयएसओ फाइल (पूर्ण डिस्क एकाच फाइलमध्ये) बनवून ती व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये उघडा आणि माउस बाजूला ठेवून फक्त बाणांच्या कळांनी फिरा. ‘चाक’वर उजवीकडचा बाण दाबला की काय होतं? ‘वाळवण’वर जातं की अडकतं? ‘माती’वरून खाली गेल्यावर ‘वाळवण’ यायला हवं, आणि तिथून वर आल्यावर पुन्हा ‘माती’. सहा बटणं आणि चार दिशा, सगळ्या चोवीस वाटा एकदा दाबून पाहा. नंतर पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर एक प्रत काढा आणि खऱ्या टीव्हीवर, नेहमी बसता तेवढ्या अंतरावरून नावं वाचता येतात का ते बघा.